स्टेजवर चढण्याआधी : समाच्या महफिलीतला अदब

उरूस आला की कव्वाली आली. आणि हल्ली कव्वाली आली की एक दृश्य हमखास दिसतं. कव्वालानं एखादी ओळ रंगवली की समोरचे दोन-चार जण उठतात, थेट स्टेजवर चढतात आणि त्याच्या डोक्यावरून एकेक नोट सोडू लागतात. खाली उभा असलेला दोस्त मोबाईलवर त्याचं शूटिंग करतो. नोटा हार्मोनियमवर पडतात, तबलजीच्या मांडीवर पडतात. गाणारी बाई असेल तर ती पदर सावरून थोडी मागं सरकते, पण गाणं थांबवू शकत नाही.

यावर आपल्या समाजात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, कव्वालीच नाजायज, मग तिच्या अदबाची चर्चा कशाला? दुसरं म्हणतं, ही दाद आहे, बुजुर्गांपासून चालत आलेली परंपरा आहे. समा जायज की नाजायज, हा वाद जुना आहे. खुद्द निझामुद्दीन औलियांना त्यासाठी गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर उभं राहावं लागलं होतं. तो वाद मी इथं उकरत नाही. मला दुसऱ्या मताबद्दल बोलायचं आहे, कारण परंपरेचं नाव घेतलं की परंपरा काय सांगते हे बघावं लागतं.

श्रोत्यानं कधी उठावं आणि कधी बसून राहावं, यावर सूफींनी 900 वर्षांपूर्वीच बारकाईनं लिहून ठेवलं आहे. लाहोरला ज्यांची मजार आहे ते अली हुजविरी 11व्या शतकातले. त्यांच्या ‘कश्फुल महजूब’मध्ये समाचे नियम येतात. महफिलीत मुर्शिद हजर असावा. समा हा सवयीचा भाग होऊ नये. दुसरा कुणी आपल्या हालमध्ये असेल तर त्याच्यात लुडबुड करू नये. एक नियम तर आजच्या माणसाला चकित करेल: गाणारा गोड गायला तरी त्याला तसं तोंडावर सांगू नये, आणि बेसूर गायला तरी टोकू नये. ऐकणाऱ्याचं लक्ष गाणाऱ्याच्या कौतुकात अडकू नये, ते कलामवर राहावं, एवढाच त्यामागचा हेतू.

इमाम गझालींनी (मृत्यू 1111) ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये समाचे पाच अदब मांडले. वेळ, जागा आणि सोबती योग्य असावेत. मुर्शिदानं आपल्या मुरिदांची कुवत ओळखावी. मान खाली घालून मन लावून ऐकावं. इतरांचे चेहरे न्याहाळू नयेत, खोकणं आणि जांभई देणंही आवरावं. चौथा अदब असा, की स्वतःला आवरणं शक्य आहे तोवर उठू नये आणि मोठ्यानं रडू नये. पाचवा याच्या उलट वाटेल, पण त्याचाच जोडीदार आहे: कुणी खऱ्या वज्दमध्ये, दिखाव्याशिवाय उभा राहिला, तर सगळ्यांनी त्याच्यासोबत उभं राहावं. त्याला एकटं पाडू नये.

हे दोन नियम एकत्र वाचायला हवेत. उठायला सरसकट बंदी कुणी घातलेली नाही. पण उठण्याचा हक्क कुणाला, तर ज्याला बसवतच नाही त्याला. त्याच्या उठण्याचा मान सगळ्या महफिलीनं राखायचा. ज्याला खिशातून गड्डी काढून, नोटा मोजून, कॅमेऱ्याकडं बघून उठता येतं, त्याला बसताही आलं असतं.

दिल्लीच्या ख्वाजा बख्तियार काकींची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. 1235 साली एका समात अहमद-ए-जाम यांच्या एका शेरावर त्यांना हाल आला. ते पुन्हा पुन्हा तोच शेर म्हणायला लावत. नमाजची वेळ झाली की भानावर येऊन नमाज अदा करत आणि पुन्हा त्याच अवस्थेत जात. काही दिवसांत त्याच हालमध्ये त्यांचा इंतकाल झाला. चिश्ती महफिलींत आजही संकेत आहे, की श्रोत्याला हाल आला तर कव्वालानं ती ओळ सोडून पुढं जाऊ नये. म्हणजे अदब दोन्हीकडून होता. श्रोत्यानं स्वतःला आवरायचं आणि कव्वालानं श्रोत्याला सांभाळायचं.

हे सगळं दिल्ली-लाहोरचं, असंही कुणी म्हणू नये. निझामुद्दीन औलियांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब मुहम्मद तुघलकाच्या काळात दौलताबादला आले. 1337 साली त्यांचा इंतकाल झाला आणि खुलदाबादला ते दफन आहेत. त्यांच्या समातल्या रक्सचा ढंग इतका वेगळा होता, की त्यांच्या मंडळींना ‘बुरहानी’ म्हटलं जाई, अशी नोंद अमीर खुर्द यांच्या ‘सियरुल औलिया’त आहे. दख्खनच्या समात लोक उठत होते. मुर्शिदासमोर उठत होते.

आता नजराण्याचं. दर्ग्यातल्या पारंपरिक महफिलीत आजही श्रोता नोट घेऊन कव्वालाकडं धावत नाही. तो महफिलीच्या सदराकडं, म्हणजे सज्जादानशीन किंवा हजर असलेल्या बुजुर्गाकडं जातो, अदबीनं वाकून नोट पुढं करतो. बुजुर्ग ती स्वीकारतात आणि मग ती कव्वालापर्यंत पोहोचते. या छोट्या रिवाजात मोठं शहाणपण आहे. देणारा आधी स्वतः झुकतो. घेणाऱ्याला कुणासमोर हात पसरावा लागत नाही. आणि गाणं एका क्षणासाठीही विकत घेतलं जात नाही.

मग हे बिघडलं कुठं? समात कव्वाल जमिनीवर बसे आणि मानाची जागा मुर्शिदाची असे. 20व्या शतकात रेकॉर्ड आल्या, सिनेमा आला, तिकीट लावून मुकाबले सुरू झाले. 1945च्या ‘जीनत’मधल्या बायकांच्या कव्वालीनं देश वेडा केला. मुंबईनं इस्माईल आझाद, शकीला बानो भोपाली यांना डोक्यावर घेतलं. कव्वाल स्टेजवर गेला हे चांगलंच झालं. त्याला नाव मिळालं, पोट भरलं. पण या बदलात सदराची गादी नाहीशी झाली. देणारा आणि गाणारा यांच्यामध्ये कुणी उरलं नाही. ती रिकामी जागा भरली ती दरबारी बक्षिसीनं आणि तमाशातल्या दौलतजादाच्या सवयीनं. नोटा उधळणं तिथलं आहे, समातलं नाही, असं माझं मत आहे.

यात सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते गाणाऱ्याला. देणारा उभा, गाणारा बसलेला. त्याचं पोट या पैशावर, त्यामुळं त्याला नको म्हणता येत नाही. गाणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. पीराच्या नावानं भरलेल्या महफिलीत एका कलावंताची अशी लाचारी बघत बसायची आणि तिला अकीदत म्हणायचं, हे कुठल्या बुजुर्गाला पटलं असतं?

नजराणा बंद करा, असं मी म्हणत नाही. कव्वालाचं घर त्यावर चालतं. उलट तो जास्त मिळावा. दर्गाह कमिट्यांनी एवढंच करावं: स्टेजच्या पायथ्याशी एका बुजुर्गाला मानानं बसवावं आणि सगळा नजराणा त्यांच्या हातून जावा. पायऱ्या फक्त गाणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. आणि खरंच कुणाला हाल आला, तर त्याचा व्हिडिओ काढू नका. त्याच्यासोबत उभे राहा.