भिंती नसलेली शाळा

शाळा काढायची म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा काय येतं? इमारत. मग मैदान, बाकं, घंटा आणि गेटवरचा वॉचमन. फेब्रुवारी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एक पब्लिक हायस्कूल सुरू झालं, त्याच्याकडे यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. (पब्लिक म्हणजे तिकडच्या अर्थाने, लोकांच्या करातून चालणारी, फुकट शाळा. आपल्याकडे नावात 'पब्लिक' असलं की फीचा आकडा बघून घाम फुटतो, ती गोष्ट वेगळी!)

शाळेचं नाव 'पार्कवे प्रोग्रॅम'. बेंजामिन फ्रँकलिन पार्कवे हा तिथला प्रशस्त रस्ता. एका टोकाला सिटी हॉल, दुसऱ्या टोकाला कलासंग्रहालय, आणि मधे सार्वजनिक ग्रंथालय, फ्रँकलिन इन्स्टिट्यूट हे विज्ञान संग्रहालय, नॅचरल सायन्सेसची अकादमी. कल्पना साधी होती. एवढ्या संस्था शेजारी-शेजारी उभ्या आहेत, त्यांच्या खोल्या दिवसातला बराच वेळ रिकाम्या असतात, मग शाळेसाठी नवी इमारत कशाला बांधायची? या संस्थांनाच वर्ग करू या.

पण ही नुसती पैसे वाचवायची युक्ती नव्हती. त्याच्या पंधरा महिने आधी, १७ नोव्हेंबर १९६७ ला, याच रस्त्यालगतच्या शिक्षण मंडळाच्या कचेरीसमोर हजारो कृष्णवर्णीय विद्यार्थी शाळा सोडून जमले होते. मागण्या काय, तर आमचा इतिहास शिकवा, आम्हाला माणसासारखं वागवा. आत शिक्षणप्रमुख मार्क शेड मुलांच्या प्रतिनिधींशी बोलत होते आणि बाहेर पोलीस आयुक्त फ्रँक रिझो यांच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्या रस्त्यावर मुलांनी मार खाल्ला, त्याच रस्त्यावरच्या संस्थांचे दरवाजे आता मुलांसाठी उघडणार होते. या गोष्टीचं वजन तिथे आहे.

जॉन ब्रेमर नावाचे इंग्लंडहून आलेले शिक्षणतज्ज्ञ पहिले संचालक झाले. सुरुवातीला फोर्ड फाउंडेशनचे पैसे मिळाले. पहिल्या तुकडीत दीडशेच्या आतबाहेर मुलं होती. प्रवेश परीक्षा नाही, मार्कांची अट नाही. शहराच्या आठही शैक्षणिक विभागांतून अर्ज मागवले आणि चक्क चिठ्ठ्या काढल्या. त्यामुळे एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी मुलं एकाच टेबलाशी आली.

मुलं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला शहरातून चालत जात. संग्रहालयं, वर्तमानपत्रं, प्राणिसंग्रहालय, व्यापारी कंपन्या, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. मात्र सगळं पाहुण्यांवर सोडलेलं नव्हतं. साधारण पंधरा मुलांमागे एक पगारी शिक्षक आणि एक विद्यापीठातला उमेदवार असा गट असे. भाषा, गणित आणि मुलाची एकूण चौकशी ही त्या गटाची जबाबदारी. आठवड्यातून एकदा सगळ्यांची सभा. मार्कांऐवजी शिक्षक लेखी अभिप्राय देत.

आमच्या भाषेत सांगायचं तर, बाहेरची लायब्ररी वापरा, पण गाभा स्वतः लिहा. त्यांनी नेमकं तेच केलं.

पुढे काय झालं? १९७० मध्ये शिकागोत आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अशाच शाळा निघाल्या. ब्रेमर १९७० मध्येच गेले. १९७१ मध्ये रिझो महापौरपदाची निवडणूक जिंकले आणि शेड यांना जावं लागलं. पार्कवे नावाच्या शाळा राहिल्या, पण हळूहळू इमारतींत स्थिरावल्या आणि इतर हायस्कूलांसारख्या झाल्या. उसन्या खोलीची हीच अडचण असते. दार उघडणारा माणूस बदलला की किल्ली परत मागून घ्यावी लागते.

आता त्याच शहरातली दुसरी गोष्ट बघा. २००१ मध्ये वेस्ट फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या साथीने नवी पब्लिक शाळा उघडली, पेन अलेक्झांडर. सॅडी अलेक्झांडर या १९२१ मध्ये अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला. त्यांचं नाव शाळेला दिलं. इथे भागीदार एकच, पण भक्कम. जागा विद्यापीठाची, शिवाय दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी १००० डॉलरपर्यंत जादा मदत. शाळा उत्तम निघाली, यात वादच नाही. पण प्रवेश आसपासच्या ठरावीक हद्दीतल्या मुलांनाच. मग व्हायचं तेच झालं. हद्दीच्या आत घरांच्या किमती चढल्या. जानेवारी २०१३ मध्ये बालवर्गाच्या नोंदणीसाठी आईबाप कित्येक दिवस आधीपासून कडाक्याच्या थंडीत रांगेत उभे राहिले, आणि अखेर शिक्षण खात्याला तिथेही चिठ्ठ्या काढाव्या लागल्या! त्यासुद्धा हद्दीतल्यांच्याच.

एकीकडे भागीदार बरेच आणि दार सगळ्या शहराला उघडं, पण मुक्काम कच्चा. दुसरीकडे मुक्काम पक्का, पण दारावर पत्ता विचारणार. दोन्हीकडे हेतू चांगलेच होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कंपन्या कुठल्या ना कुठल्या महापालिकेच्या शाळेला 'मदत' करत असतात. एखाद्या शनिवारी आपण टी-शर्ट घालून भिंती रंगवून येतो, फोटो काढतो. वाईट काहीच नाही त्यात. पण पुढच्या वेळी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. हे देणं माणसावर अवलंबून आहे की लिहून दिलेल्या शब्दावर? आणि याचा फायदा कुणाला मिळणार, हे कोण ठरवतं?

रंग तर काय, दोन पावसाळ्यांत उडतोच.