मृगया, परवाना आणि परवानगी

'मृग' म्हणजे मुळात कोणताही वनपशू. पुढे तो शब्द हरणापुरता उरला आणि 'मृगया' राजांपाशी राहिली. १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, तेव्हापासून ती साहेबांचीही झाली. १९१२च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला दिला. त्यातील एक कलम आम्हांस फार बोलके वाटते : मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणार्थ पशू मारल्यास तो कायदा लागूच होत नसे. आणि उभे पीक ही कुणब्याची मालमत्ताच. (बंदूक किती कुणब्यांपाशी होती, हा प्रश्न निराळा.)

१९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने ही सूट काढून घेतली. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी मारणे क्षम्य राहिले. पिकासाठी मात्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक झाली. गंमत अशी, की त्याच कायद्यात चितळ-सांबर 'मोठी शिकार' म्हणून नोंदलेले होते आणि शौकिनाला त्यांच्यासाठी परवाना मिळू शकत होता! शौकिनाचे हे दार १९९१च्या दुरुस्तीने बंद झाले.

विदर्भात तुरीत शिरणारा रोही शास्त्राने हरीण नव्हे, कुरंग. बांधावर हा भेद कोण करतो? २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणारे रोही आणि रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याची वाट मोकळी केली. पण ती परवानगीच. १९१२ची सूट नव्हे. अर्ज लिहायचा, उत्तराची वाट पाहायची, आणि तोवर रात्रीची जागल चालूच.