गाठीस विचारावयाचा प्रश्न

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते एका दुःखद कारणाने. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला. शासकीय पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांची विचारपूस झाली, आणि त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पिशवी ठेविल्यास कॅन्सर होईल असे भय आपणांस घातले गेले, असे त्यांतील अनेकींनी सांगितले. भयास पुरावा लागत नाही. शस्त्रास मात्र तो लागावयास हवा. कर्करोगाच्या नावाने स्त्रीचा अवयव काढावयाचा तर आधी काय तपासावे, हा प्रश्न स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत सुटण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. तो इतिहास आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

१८९६ साली ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी प्रसिद्ध केले की, बीजांडकोश काढल्याने स्तनातील वाढलेली गाठ ओसरू शकते. चारच वर्षांनी स्टॅन्ली बॉइड यांनी अशा रुग्णांचा हिशेब मांडला. गुण आला होता सुमारे एकतृतीयांश स्त्रियांस. उरलेल्यांचे बीजांडकोश फुकट गेले म्हणावयाचे! कोणती स्त्री त्या तिसऱ्या हिश्श्यात पडेल हे शस्त्र उचलण्यापूर्वी सांगण्याची सोय नव्हती. आणि ती पुढे अर्धशतकाहून अधिक काळ झाली नाही.

वाट सापडली ती शिकागोत. एलवुड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास किरणोत्सर्गी खूण केलेले इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांस टोचले. हे हॉर्मोन रक्तातून सर्वत्र फिरते. परंतु गर्भाशयासारख्या ठराविक अवयवांनीच ते धरून ठेविले. त्या पेशींत त्यास पकडणारे एक प्रथिन होते. यास ग्राही म्हणतात. ज्या गाठीत हा ग्राही आहे तीच इस्ट्रोजेनवर पोसते, आणि इस्ट्रोजेन तोडल्यास तीच सुकण्याचा संभव असतो. प्रश्न तर नेमका सापडला. पण गाठीस तो विचारावयाचा म्हणजे मोठा खटाटोप. ताजे मांस तत्काळ गोठवावे, मग त्याचा लगदा करून किरणोत्सर्गी द्रव्याने मोजमाप करावे. तालुक्याच्या गावी हे कोठून साधणार?

१९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एका पेशीच्या वंशातून अगदी एकसारखी प्रतिपिंडे हवी तेवढी मिळविण्याची युक्ती काढली. मोनोक्लोनल प्रतिपिंडे ती हीच. जेन्सन यांचे सहकारी जेफ्री ग्रीन यांनी १९८० साली तिचा उपयोग या ग्राहीसाठी केला. त्यासाठी लागलेले प्रथिन ज्या पेशींतून काढले, त्या मिशिगनमधील एका ख्रिस्ती संन्यासिनीच्या कर्करोगातून वाढविलेल्या होत्या. ती बाई १९७० सालीच वारली होती; तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात.

या प्रतिपिंडांनी शास्त्रज्ञांचाही एक समज खोडून काढला. ग्राही पेशीच्या केंद्रकाबाहेर वाट पाहत बसतो आणि हॉर्मोन आले की त्यासह केंद्रकात शिरतो, असे वर्षानुवर्षे शिकविले जाई. १९८४ साली किंग आणि ग्रीन यांनी पेशी न चिरडता, जागच्या जागी रंगवून पाहिल्या. रंग चढला तो केंद्रकावर, हॉर्मोन असो वा नसो. पूर्वी पेशी चिरडल्यामुळे ग्राही बाहेर सांडत असे, आणि सांडलेल्यालाच लोक त्याचे घर समजत होते. आम्हांस या सगळ्या कथेत हा भाग सर्वांत आवडतो.

पुढे १९९१ साली फॉर्मालिनमध्ये मुरविलेल्या, मेणात बसविलेल्या मांसाचे काप तापवून घेतल्यास प्रथिने पुन्हा ओळखता येतात हे कळले. आता ताज्या मांसाची गरज उरली नाही. बीडला वा अंबाजोगाईला काढलेल्या गाठीचा मेणाचा ठोकळा मुंबईस पाठवूनही तपासता येऊ लागला.

येथे एक मेख आहे. गाठ उशिरा फॉर्मालिनमध्ये पडली तर ग्राही नासतो, आणि असलेला ग्राही नाही असे उत्तर येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एकतृतीयांश गाठींतच हा ग्राही सापडला. भारतीय स्त्रियांची गाठच निराळी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांस झाला. २००९ साली त्याच रुग्णालयातून निघालेल्या मोठ्या आढाव्यात हॉर्मोनग्राही असलेल्या गाठी निम्म्याहून अधिक भरल्या. मधल्या काळात स्त्रियांची जात काही बदलली नव्हती; मांस कसे मुरविले आणि कसे रंगविले यानेही उत्तर बदलते.

चुकीच्या ‘नाही’चे मोल कोण देते? टॅमॉक्सिफेन ही स्वस्त गोळी रोज एक याप्रमाणे किमान पाच वर्षे घ्यावयाची असते. कोपीवर राहणारी बाईही ती गाठोड्यात नेऊ शकते. पण कागदावर ‘नाही’ लिहिले गेले की ती तिला मिळतच नाही. म्हणून गाठ काढल्यापासून तासाच्या आत ती चिरून, दसपट फॉर्मालिनमध्ये, निदान ६ आणि फार तर ७२ तास ठेवावयाची असते. मेणाचा तो ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. नातेवाइकांनी अहवालाबरोबर त्याचीही चौकशी करावी; शंका आल्यास त्याच ठोकळ्याचा नवा काप घेऊन पुन्हा विचारता येते.