अळीचा रोग, शेतकऱ्याचे औषध



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आपण ज्या इतिहासाचा विचार करणार आहोत, तो घडला रेशमाचे किडे पाळणाऱ्यांच्या घरांत, आणि त्यात मध्यवर्ती आहे एक बुरशी.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर इटलीत रेशमावर असंख्य कुटुंबांची गुजराण चाले. तेथे किड्यांना एक रोग जडे. अळी मरे, ताठ होई आणि तिच्या अंगावर चुन्यासारखी पांढरी भुकटी येई. एकदा रोग शिरला की हंगामाची सारी मेहनत मातीत जाई. हा रोग हवापाण्यामुळे आपोआप उपजतो, असा तेव्हाचा समज होता.

लोदी गावाजवळचा आगोस्तिनो बास्सी (१७७३–१८५६) हा कायदा शिकलेला गृहस्थ १८०७ साली या रोगाच्या मागे लागला. सुमारे पंचवीस वर्षे त्याने प्रयोग केले. १८३५ साली पुस्तक लिहून त्याने सांगितले, की ही भुकटी म्हणजे जिवंत बुरशी. तीच निरोगी अळीवर पडली की रोग होतो. उपायही साधे: हात व अवजारे स्वच्छ ठेवा, मेलेल्या अळ्या वेळीच काढून टाका. पाश्चर व कॉख यांचे रोगजंतूंवरील कार्य यानंतरचे. त्या बुरशीला आज बास्सीच्याच नावावरून ‘बिव्हेरिया बासियाना’ म्हणतात.

अळी वाचवण्यासाठी मिळवलेले ज्ञान पुढे कीड मारण्यासाठी वापरले गेले. १८७९ साली ओडेसा येथे मेच्निकॉव्हने गव्हावरील भुंगेऱ्यांवर अशाच एका हिरव्या बुरशीचा प्रयोग केला. १८८४ साली स्मेला येथे क्रासिल्श्चिकने तिचे बीजकण तयार करण्याचा कारखानाच काढला. रोख होता साखरबीटावरील सोंड्या किडीवर.

ही बुरशी किडीच्या पोटात जावी लागत नाही. बीजकण अंगाला चिकटतो, ओलाव्यात रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि काही दिवसांत अळी मरते. सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्यांवर ‘नोमुरिया’ नावाची बुरशी तर पावसाळ्यात आपणहून येते.

मग हे ज्ञान मागे का पडले? दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी रासायनिक विषे आली. ती स्वस्त होती आणि झटपट मारणारी. त्यांची खरी किंमत कोण भरतो, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

बुरशी ही जादूची कांडी नव्हे. तिला ओलावा लागतो, कडक उन्हात ती टिकत नाही, बुरशीनाशकाने ती मरते. बोंडाच्या आत दडलेल्या अळीपर्यंत तिला पोहोचवणे कठीण. तुतीच्या बागेजवळ बिव्हेरिया वापरली, तर बास्सीच्या काळचा रोग पुन्हा रेशमाच्या घरात शिरेल. शिवाय ती सावकाश मारते, आणि डोक्यावर कर्ज असलेल्या शेतकऱ्याला सबुरी परवडत नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. कोणते औषध मारायचे हे ठरवणारा एक आणि पंप पाठीवर घेणारा दुसरा, असे पुष्कळदा असते. पंप वाहणाऱ्याचा जीव हिशेबात धरला, तर बास्सीच्या बुरशीसाठी चार दिवस थांबणे महाग ठरणार नाही. मात्र त्या चार दिवसांची जोखीम एकट्या शेतकऱ्यावर न टाकता समाजाने वाटून घेतली पाहिजे.