खाँसाहेबांची लेक कुणाची?

कुपवाडच्या एमआयडीसीत मी काही वर्षं नोकरी केली. तिथल्या एका चहाच्या टपरीवर सुट्टीच्या दिवशी आमची पाच-सहा जणांची बैठक जमायची. कुणी फाउंड्रीतला, कुणी लेथवरचा, एक रिटायर झालेले कारकून. गाणं शिकलेला एकही नाही, पण ऐकण्याचं वेड सगळ्यांना. एकाने गाणं लावायचं आणि बाकीच्यांनी गायक, राग, साल ओळखायचं. चुकेल त्याने चहाचे पैसे द्यायचे.

या खेळात अब्दुल करीम खाँ येणार हे ठरलेलंच. मिरज दुचाकीवरून पंधरा-वीस मिनिटांवर, आणि खाँसाहेबांची कबर तिथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीवरून तर दर महिन्याला वाद. तरुण पोरं म्हणायची, ही सैगलची. 1935 च्या हिंदी ‘देवदास’मध्ये सैगलने ती गायली हे खरंच आहे. मग जुने लोक खवळायचे, आणि ‘सैगलचं ऐकून खाँसाहेब काय म्हणाले’ याचे किस्से सुरू व्हायचे. कुणी म्हणे बक्षीस पाठवलं, कुणी म्हणे डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येकाला आपलाच किस्सा खरा वाटायचा.

आमच्या भागाला ही खोड जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बावीस श्रुतींचा ध्यास घेतला आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या जोडीला आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स. या मंडळींनी 1911 साली साताऱ्यात चक्क फिलहार्मोनिक सोसायटी काढली. स्वर मोजायला अचूक गळा हवा होता, तो खाँसाहेबांनी दिला. पुढे 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत हा श्रुतींचा हिशेब भातखंड्यांना काही पटला नाही. म्हणजे पेन्शनर, साहेब आणि उस्ताद एकत्र बसून गाण्यावर वाद घालत होते. आमच्या टपरीवर फक्त पेटी नव्हती.

आमच्यातल्या त्या कारकून काकांचा एक हुकमी प्रश्न होता. 1943 च्या ‘राम राज्य’मधलं वीणेवरचं गाणं कुणाचं? गांधीजींनी पाहिलेला सिनेमा म्हणून ‘राम राज्य’ सगळ्यांना ठाऊक, पण गायिकेपाशी सगळे अडायचे. उत्तर होतं सरस्वती राणे, खाँसाहेबांची धाकटी मुलगी. काका हे उत्तर दरवेळी नव्याने शोधून काढल्यासारखं सांगायचे.

मग 2009 चा सप्टेंबर आला. गणेशोत्सवातल्या कमानीवरून मिरज पेटली, झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत गेली, संचारबंदी लागली. टपरी उघडली तेव्हा बैठक परत जमली, पण बाकं वेगळी झाली होती. कुणी ठरवून केलं नव्हतं. गाणं लावायला कुणाचा हात पुढे होईना. शेवटी काकांनीच हिराबाई बडोदेकरांचं गाणं लावलं आणि नेहमीसारखं विचारलं, “कोण?”

मी तडकलेलोच होतो. म्हणालो, “चंपाकली. अब्दुल करीम खाँची पोरगी. तुमच्या हिराबाई आमच्या आहेत काका, हे सांगत जा की लोकांना!”

टपरी गप्प झाली. काकांनी चहा संपवला. मग म्हणाले, “चंपाकली मला ठाऊक आहे रे. त्या बाईंनी स्वतः कुठलं नाव लावलं, ते सांग.”

चहाचे पैसे त्या दिवशी मी दिले.

तेव्हा मला हा इतिहास जेवढा येत होता तेवढा दुसऱ्याला टोचण्यापुरताच येत होता. पूर्ण वाचला तेव्हा कळलं की तो कुणाच्याच हातात काठी म्हणून नीट बसत नाही. अब्दुल करीम खाँ मूळचे कैराण्याचे, बडोदा दरबारात गायला गेले. तिथे राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचं जुळलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. संसार बराच काळ मिरजेत झाला. मुलं पाच. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, अब्दुल हमीद, सकीना अशी त्यांची घरातली नावं सांगतात. 1920 च्या आगेमागे ताराबाई पाचही मुलांना घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांना नवी नावं मिळाली. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव, सरस्वती. सुरेशबाबूंचं ‘माने’ हे आईचं आडनाव. हिराबाईंचा जन्म 1905 चा, मिरजेतला, पण आडनावात मात्र बडोदा.

ही नावं बदलली गेली म्हणून आपल्याकडे हळहळणारे आहेत. मीही हळहळलो होतो. पण नवऱ्याचं घर सोडलेल्या, पाच मुलं पदरात असलेल्या बाईला त्या काळात कुठल्या नावाने भाड्याने घर मिळत होतं, कुठल्या नावाने मुलीला तिकीट लावून गाता येत होतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. हिराबाईंनी तिकिटाच्या जाहीर मैफली केल्या, नाटकात उभ्या राहिल्या, 1970 साली पद्मभूषण झाल्या. त्यातला एकेक टप्पा त्या आईच्या निर्णयावर उभा आहे. आणि दुसऱ्या बाजूला, चरित्रात बापाचं नाव चटकन ओलांडून पुढे जाणारे लेखकही मी पाहिलेत. त्यांचं तर मला अधिक आश्चर्य वाटतं. गळा बापाचा, तालीम अब्दुल वहीद खाँची, घराणं किराणा. यातलं वगळणार काय?

आज एखाद्या मराठा घरातली मुलगी मुसलमान गवयाबरोबर निघून गेली तर टीव्हीवर काय चालेल ते तुम्हाला माहीत आहे. ती पुढे मुलांसकट परत आली आणि मुलांची नावं बदलली, तर आपल्या मोहल्ल्यात काय बोललं जाईल तेही माहीत आहे. ताराबाईंनी ही दोन्ही कामं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केली. आणि खाँसाहेब? 1913 साली पुण्यात त्यांनी शाळा काढली तिचं नाव ‘आर्य संगीत विद्यालय’. सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीला निघालेले असताना वाटेत सिंगापेरुमाळ कोइल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. मय्यत मिरजेला आणली.

उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. भीमसेन, गंगूबाई तिथे गाऊन गेले, हिराबाईही. मुलीने बापाच्या कबरीपाशी गायलं तेव्हा पत्रिकेवर नाव बडोदेकर होतं, आणि ऐकणाऱ्या मिरजेला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

काकांना मी माफी मागितली नाही. तशी आमच्यात पद्धत नव्हती. पुढच्या उरुसाला त्यांना माझ्या गाडीवर मागे बसवून मिरजेला नेलं. कुपवाड फाट्याच्या पुढे गेलो तसं त्यांनी खांद्यावर टकटक केलं. “सुरेशबाबूंकडे शिकलेल्या कुणा बाईचं नाव सांग.”

मी म्हणालो, “प्रभा अत्रे.”

“आणखी एक.”

मी अडलो. दर्ग्याच्या कमानीपर्यंत काकांनी उत्तर सांगितलं नाही. आत शिरताना म्हणाले, “हिराबाई रे. थोरल्या भावाकडेच बसली होती ती. आता चहा तुझ्याकडे.”