सुरतेचे पंचाहत्तर वर्षांचे कासव

सुरतेचे नाव काढले की आपल्या मनात प्रथम शाळेतले इतिहासाचे पुस्तक उघडते. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या. पुण्या-साताऱ्याच्या माणसाची सुरत बहुधा तिथेच संपते. आम्हा नंदुरबार-नवापूरकडच्यांचे तसे नाही. आमच्या नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. बाकावर दोघे शेजारी बसले तर एक या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या त्या गाडीने आमच्या तीन-चार पिढ्या सुरतेला पोट भरायला नेल्या. उधना, लिंबायत, पांडेसरा ही नावे आमच्या घरात गावातल्या गल्ल्यांइतकीच परिचयाची आहेत.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन उधन्याला गेली. तिच्या घरी चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जो प्रसंग घडला, त्यामुळे मी सुरतेच्या इतिहासाचे एक निराळेच पान वाचू लागलो. ते पान एका कासवाचे आहे.

अक्काच्या नातवाला कोणीतरी एक कासव आणून दिले होते. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेले, तळहाताएवढे. घरात कासव असले की लक्ष्मी टिकते, असे देणाऱ्याने सांगितले होते. पोराने त्याला बुटांच्या खोक्यात ठेवले. खायला पाव, टोमॅटो आणि दुधात भिजवलेली पोळी. संक्रांतीच्या सुमारास थंडी पडली आणि कासवाने खाणे सोडले. डोळे मिटलेले, नाकाशी बुडबुडा. अक्काने आपल्या स्वभावाप्रमाणे जुन्या लुगड्यांची गोधडी काढली आणि त्याला चौपदरी गुंडाळून ठेवले. मी सहज म्हणून गेलो होतो. ती मला म्हणाली, ‘‘इतली गोधडी घाली, तरी हाई थंडच शे रे भाऊ!’’

मी मास्तर माणूस. पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, अधूनमधून रजेवरच्या सहकाऱ्याचा विज्ञानाचा तासही घेतला. ‘उष्ण रक्ताचे आणि शीत रक्ताचे प्राणी’ हा धडा मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! पण गोधडीतले ते थंडगार कासव हातात घेईपर्यंत त्या धड्याचा अर्थ मला कळलेला नव्हता. गोधडी ऊब देत नाही, ती फक्त ऊब राखते. ऊब आपली, आपल्या अंगातली. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग शरीर सदतीस अंशांवर ठेवण्यातच खर्च होतो. कासवाचे तसे नाही. त्याला ऊब बाहेरूनच मिळवावी लागते, सूर्यापासून आणि तापलेल्या जमिनीपासून. ज्याच्या अंगात ऊब नाही त्याला गोधडीत गुंडाळणे म्हणजे दगडाला गुंडाळणे. उलट गोधडीमुळे दुपारी खिडकीतून येणारे थोडेसे ऊनही त्या जिवाला मिळेनासे झाले होते. अक्काची माया खरी होती, पण ती कासवाच्या अंगाला लागत नव्हती.

त्या दिवशी आम्ही काय केले ते पुढे सांगतो. त्याआधी सुरतेच्याच दुसऱ्या एका कासवाची हकिकत ऐका.

जेम्स फोर्ब्स नावाचा एक इंग्रज कंपनीच्या चाकरीत कारकून म्हणून मुंबईस आला. १७७५ मध्ये सुरतेच्या तहानंतर राघोबादादांच्या मदतीला कर्नल कीटिंगची जी फौज गुजरातेत उतरली, तिच्याबरोबर हा फोर्ब्स चिटणीस म्हणून होता. पुढे तो डभईला अंमलदार झाला आणि सालबाईच्या तहाप्रमाणे डभई मराठ्यांना परत मिळाली तेव्हा ते ठाणे सोडून विलायतेस गेला. १८१३ मध्ये त्याने आपल्या आठवणींचे चार मोठे खंड छापले. त्यांत सुरतेच्या ‘बनिया रुग्णालया’चे, म्हणजे आपण ज्याला पांजरापोळ म्हणतो त्याचे, वर्णन आहे. ही पाहणी १७७२ च्या सुमाराची. उंच भिंतींनी वेढलेली मोठी जागा, आत वेगवेगळे चौक. पाय मोडलेला बैल, म्हातारा घोडा, मालकाला नको झालेले कोणतेही जनावर तिथे आणावे. मालक कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे कोणी विचारीत नसे. मात्र एक नियम कडक होता. जनावर बरे झाले तरी मालकाला परत मिळत नसे. धडधाकट जनावराने आजारी सोबत्यांसाठी पाणी ओढायचे आणि तिथेच राहायचे. घोडे, खेचरे, बैल, शेळ्या-मेंढ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे यांची यादी देऊन फोर्ब्स शेवटी सांगतो की तिथे एक वृद्ध कासव होते, आणि ते पंचाहत्तर वर्षांपासून तिथे असल्याची सर्वांना माहिती होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे वाक्य सोडून पुढे जाऊ नये. १७७२ मधून पंचाहत्तर वजा केले की आपण १६९७ च्या आसपास येतो. तेव्हा औरंगजेब दख्खनेत होता आणि राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात. म्हणजे शिवाजी महाराजांची दुसरी स्वारी होऊन पंचवीस-सत्तावीस वर्षांनी कोणीतरी एक कासव त्या दारात आणून सोडले. नंतर औरंगजेब गेला. पिलाजीराव गायकवाडांनी आपल्या नवापूरपासून हाकेच्या अंतरावरच्या सोनगडला बस्तान बसवले आणि तिथून गुजरातेत हात-पाय पसरले. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला. १७६१ मध्ये पानिपत झाले. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव पेशवे वारले. या सबंध काळात सुरतेच्या एका भिंतीआड कोणीतरी रोज सकाळी त्या कासवापुढे पाला टाकीत होते. पंचाहत्तर वर्षे म्हणजे चाकरांच्या तीन पिढ्या. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला ‘हे कासव आजोबांच्या वेळचे आहे बरे’ असे सांगितल्याशिवाय फोर्ब्सच्या कानापर्यंत तो आकडा पोचला नसता. राज्ये बदलली, पण पाल्याचा रतीब चुकला नाही.

असल्या संस्था गुजरातला नव्या नव्हत्या. गिरनारच्या शिलेवर अशोकाच्या दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय केल्याची नोंद आहे. त्याच्या स्तंभलेखांत मारू नयेत अशा प्राण्यांची जी यादी आहे, तीत कासवही आहे. ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने १६८९ मध्ये सुरतेत जनावरांचे असे रुग्णालय पाहिले होते. खर्च जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांच्या महाजनांचा. मालाच्या व्यवहारावर लागा बसवून पैसा उभा राही. मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या हुकमाने मोकाट कुत्री मारू लागले, त्यावरून दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला जो पांजरापोळ काढला, तो याच परंपरेतला.

युरोपियन प्रवाशांना या साऱ्याचे हसू येई. ढेकूण-पिसवांसाठी पैसे देऊन भिकाऱ्याला रात्रभर झोपवतात, ही गोष्ट ओव्हिंग्टनपासून फोर्ब्सपर्यंत सर्वांनी चवीने सांगितली. १८२३ मध्ये अलेक्झांडर बर्न्सने तिथे लाकडी तक्तपोशीखाली धान्यात वळवळणारे किडे स्वतः पाहिले आणि त्यालाही ती भोळी समजूतच वाटली. हसण्यासारखे तिथे काही नव्हतेच असे मी म्हणत नाही. पण हसणाऱ्यांच्या मायदेशी, नेमक्या त्याच वेळी, काय चालले होते तेही पाहू.

इंग्लंडात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री निसर्गाच्या नोंदी ठेवीत असे. ससेक्स परगण्यात त्याच्या आत्याच्या घरामागे भिंतींनी बंद केलेल्या छोट्या अंगणात एक कासव होते. तेही तीस वर्षांहून जुने. एप्रिल १७७२ च्या पत्रात व्हाइटने लिहिले की गेल्या एक नोव्हेंबरला या कासवाने थंडीसाठी जमीन उकरायला सुरुवात केली, आणि त्याची गती घड्याळाच्या तासकाट्याएवढी होती. कवचावरून भरली गाडी गेली तरी इजा होऊ नये, असा हा प्राणी पावसाच्या थेंबाला मात्र नटलेल्या बाईसारखा भितो, हेही त्याने टिपले. १७८० मध्ये आत्या वारल्यावर व्हाइटने मार्च महिन्यात ते कासव जमिनीतून खणून काढले आणि पेटीत घालून ऐंशी मैलांवर आपल्या घरी नेले. पुढे त्याच्या असे ध्यानात आले की शरद ऋतूत ऊन कोवळे झाले की कासव भिंतीला कवच टेकवून तिरपे उभे राहते. असे केल्याने तिरपे किरण पाठीवर सरळ पडतात. भूमिती न शिकलेल्या त्या जिवाला हे ठाऊक होते. टिमथी नावाच्या या कासवाचे कवच आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. जन्मभर नर म्हणून वावरलेले ते कासव मादी होते, हे मागाहून कळले.

म्हणजे १७७२ मध्ये जगाच्या दोन टोकांना, दोन भिंतीबंद अंगणांत, दोन म्हातारी कासवे होती. एकाची निगा महाजनांच्या दयाधर्माने घेतली, दुसऱ्याची निरीक्षणे एका पाद्र्याने वहीत उतरवली. सुरतेच्या कासवाची कोणी वही ठेवली नाही. पण त्याला उघडे आकाश, ऊन आणि भिंतीची सावली मिळाली. शिवाय सुरतेचा हिवाळा इंग्लंडसारखा जीवघेणा नाही. त्याला कोणी गोधडीत गुंडाळले नाही, म्हणून ते पंचाहत्तर वर्षे जगले असावे, असा माझा तर्क आहे.

आता अक्काच्या कासवाकडे येतो. आम्ही त्याला एका जाणत्या पशुवैद्याकडे नेले. त्यांनी आधी आम्हाला चार शब्द सुनावले. हे तारा-कासव, सौराष्ट्र-कच्छकडच्या कोरड्या गवताळ माळांवरचे, थंडीत ओलसर खोलीत ठेवले की याच्या छातीत सर्दी भरते. आपल्यासारखे खोकून त्याला कफ काढता येत नाही. अंग गार पडले की पचन थांबते आणि खाल्लेले पोटातच कुजते. दूध-पाव हे त्याचे अन्नच नव्हे. त्याला गवत आणि पाला हवा. मग त्यांनी एक मोठे उघडे खोके घेतले, तळाशी कोरडी माती पसरली आणि एका टोकाला वरून दिवा लावला. दिव्याखाली बत्तीस-तेहतीस अंश, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास, मध्ये पाण्याची उथळ थाळी. मी विचारले, सगळेच खोके गरम का करीत नाही? ते म्हणाले, ‘‘गुरुजी, त्याला ऊबही हवी आणि उबेपासून दूर जाण्याची जागाही हवी. किती घ्यायची ते त्याचे त्याला ठरवू द्या.’’ काचेमागचे ऊन चालत नाही, हेही त्यांनीच सांगितले. हाडे आणि कवच घट्ट करणारे किरण काचेत अडतात.

तिसऱ्या दिवशी कासवाने डोळे उघडले, पाचव्या दिवशी गवत ओढले.

मग वैद्यांनी कायद्याची गोष्ट काढली. तारा-कासव घरात बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले; ती दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. परदेशी व्यापारावरही २०१९ पासून सर्वांत कडक बंदी आहे, कारण चोरट्या बाजारात सर्वाधिक पकडल्या जाणाऱ्या कासवांत हे एक आहे. लक्ष्मी टिकावी म्हणून आपण जे घरात आणतो, ते कुठल्यातरी माळावरून उचललेले असते. मुख्याध्यापकाच्या बहिणीच्या घरात गुन्हा घडत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून चहा घेतला होता. ही लाज मी लपवीत नाही. दुसऱ्याच दिवशी मी आणि तो पोरगा वैद्यांबरोबर जाऊन कासव वनखात्याच्या स्वाधीन करून आलो.

आपल्या संतांनी कासवीचा दाखला दिला आहे, ती पिलांना नुसत्या नजरेने वाढवते असा. देवळात शिरताना आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो तो त्याच भावनेने. प्रत्यक्षात कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते आणि मातीची ऊब ती उबवते. मला यात दाखल्याचा खोटेपणा दिसत नाही. माया कशी असावी हे संतांनी सांगितले, पण त्या जिवाला नेमके काय हवे हे शोधायचे काम आपल्यावर सोडले. सुरतेच्या महाजनांजवळ माया होती. व्हाइटजवळ नजर होती. आज दोन्ही लागतात. आणि त्या काळी नसलेली एक तिसरी गोष्टही लागते. जुन्या पांजरापोळात आलेले जनावर बरे झाले तरी बाहेर जात नसे. आज बरे झालेले कासव शक्य तर त्याच्या माळावर परत पाठवायचे असते.

परत येताना रिक्षात पोराने मला विचारले, ‘‘आजोबा, ते पंचाहत्तर वर्षं जगलं तर मी केवढा असेन?’’ तो तेव्हा दहा वर्षांचा होता. मी म्हटले, ‘‘पंच्याऐंशीचा.’’ तो थोडा वेळ बोटे मोजत राहिला.

अक्का अजून दर जानेवारीत ती गोधडी गॅलरीत उन्हात टाकते. गेल्या संक्रांतीला मी गेलो तेव्हा तिने घडी उलटी करता करता एवढेच विचारले, ‘‘तिकडं ऊन येत असेल ना रे त्याला?’’