झालर पडलेली चकती

लोकरीचे ससे, हत्ती आणि कासवे क्रोशाच्या सुईवर विणून त्यांत कापूस भरण्याचा छंद आपल्याकडेही आता चांगलाच रुळला आहे. जपानी भाषेत अशा खेळण्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. विणकाम आणि कापूस भरलेली बाहुली अशा अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. प्राणी कोणताही असो, सुरुवात ठरलेली असते. दोऱ्याच्या एका कडीत ६ टाके घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एकाआड एक टाक्यात दोन, म्हणजे १८. पुढे २४, ३०, ३६. अशी सपाट चकती हवी तेवढी मोठी झाली की टाके वाढवणे थांबवायचे. मग कड वळते आणि भिंत उभी राहते. शेवटी त्याच हिशेबाने टाके घटवत नेले की सशाचे डोके तयार होते.

दर फेरीला ६ टाकेच का वाढवायचे? विणणाऱ्या बायका सांगतात की पाच वाढवले तर वाटी होते आणि आठ वाढवले तर झालर पडते. हे अनुभवाचे उत्तर झाले. त्यामागचे गणित आपल्या सातवी-आठवीच्या मुलांना सहज कळेल असे आहे. त्रिज्या एका एककाने वाढली की वर्तुळाचा परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ एककांनी वाढतो. या खेळण्यांसाठी वापरतात तो सर्वांत आखूड टाका जवळजवळ चौरस असतो. त्याची उंची आणि रुंदी सारखीच म्हणता येईल. एक फेरी म्हणजे त्रिज्येत एका टाक्याची भर. तेव्हा परिघातही सहा टाक्यांची भर पडली पाहिजे. उरलेले पाव-एक टाक्याचे अंतर लोकरीच्या ताणात जिरते. दुप्पट उंचीचा टाका घेतला तर सुरुवात १२ टाक्यांनी करावी लागते, तीही याच कारणाने. π ची ओळख करून देण्याचा याहून स्वस्त प्रयोग आम्हाला तरी सुचलेला नाही.

मात्र या छंदात वैतागही भरपूर आहे. फेऱ्या गोगलगाईच्या शंखासारख्या अखंड फिरत जातात, त्यामुळे एक फेरी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवून खूण ठेवावी लागते. ४१ वर असताना दारावरची घंटा वाजली की पुन्हा एकपासून मोजणी. टाके सैल पडले तर आतला कापूस डोकावतो, म्हणून घट्ट विणायचे, आणि मग बोटे दुखतात. पहिला कान हौसेने होतो. दुसरा निव्वळ कर्तव्य म्हणून, आणि तरी तो पहिल्याएवढा होईलच असे नाही. शेवटी सगळे अवयव एकमेकांना शिवणे हे काम तर कोणालाच आवडत नाही. या सगळ्यावर एकच उतारा आहे, तो म्हणजे उसवणे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर मोकळे असतात. सुई निसटली तर भराभर सुटतात. क्रोशात कोणत्याही क्षणी एकच फास मोकळा असतो. दोरा ओढला की हवे तेवढे उसवते आणि हवे तिथे थांबते. हा साधा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता झालरीकडे वळू. टाके जास्त वाढले की चकतीची कड सपाट बसेनाशी होते, वरखाली लहरू लागते. खेळणे करणाऱ्याच्या दृष्टीने हे बिघडलेले काम, ते उसवायचे. गणिताच्या इतिहासात मात्र नेमका हाच आकार हातात धरता यावा म्हणून फार वाट पाहावी लागली.

क्रोशाचे विणकाम वाटते तेवढे जुने नाही. त्याच्या छापील सूचना, 'क्रोशा' या नावासह, प्रथम आढळतात त्या १८२३ साली, नेदरलँड्समधल्या 'पेनेलोपे' नावाच्या स्त्रियांसाठीच्या नियतकालिकात. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधल्या अनेक कुटुंबांना याच कलेने चार पैसे मिळवून दिले. योगायोग असा, की त्या पहिल्या नमुन्यांनंतर सहाच वर्षांनी, १८२९ मध्ये, रशियातील कझान येथे लोबाचेव्हस्कीने एक नवी भूमिती प्रसिद्ध केली. हंगेरीतल्या यानोस बोयाईने तीच स्वतंत्रपणे शोधून १८३२ मध्ये वडिलांच्या ग्रंथाला पुरवणी म्हणून छापली. समांतर रेषांच्या मागे लागू नकोस, असे त्याच्या गणितज्ञ वडिलांनी त्याला कळवळून विनवले होते. दिलेल्या रेषेबाहेरील बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडचे म्हणणे आपण शाळेत शिकवतो. या नव्या भूमितीत अशा अनंत रेषा निघतात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. हीच हायपरबोलिक किंवा अपास्तीय भूमिती.

तर्काने ती निर्दोष होती, पण दाखवायची कशी? इटलीच्या बेल्ट्रामीने १८६८ च्या सुमारास तिचा अर्थ लावणारे निबंध लिहिले आणि कागदाचे तुकडे जोडून एक प्रतिकृतीही केली. ती पाविया विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. तिला तिथे म्हणतात 'बेल्ट्रामीचे टोपडे'! १९०१ मध्ये हिल्बर्टने सिद्ध केले की संपूर्ण अपास्तीय प्रतल आपल्या त्रिमितीय अवकाशात गुळगुळीत पृष्ठाच्या रूपात मावूच शकत नाही. हे विधान संपूर्ण, अमर्याद प्रतलाबद्दल आहे. त्याच्या तुकड्याला ती अडचण नाही. पण तुकडा तरी टिकाऊ कुठून आणायचा? १९७० च्या दशकात विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या वक्र पट्ट्या चिकटवून प्रतिकृती करण्याची युक्ती काढली. त्या प्रतिकृती हाताळताना फाटत.

१९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड हेंडरसन यांनी एका कार्यशाळेत अशीच कागदी प्रतिकृती दाखवली. समोर लॅटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना बसल्या होत्या. विणकाम त्यांच्या हातात लहानपणापासून होते. हे विणता येईल, असे त्यांना वाटले. आधी त्यांनी दोन सुयांवर प्रयत्न केला, पण दर ओळीला टाके इतके वाढत की सुयांवर मावेनात. क्रोशात एकच फास मोकळा, त्यामुळे ती अडचणच नाही! नियमही एका ओळीचा: दर ठरावीक टाक्यांनंतर एका टाक्यात दोन घालायचे आणि तो नियम शेवटपर्यंत बदलायचा नाही. पेनेलोपेच्या पहिल्या वाचक स्त्रियांना हे जमले नसते असे नाही. सुई आणि गणित एकाच माणसाच्या हाती येण्यास १६८ वर्षे लागली, आणि मधल्या काळात किती झालरी उसवल्या गेल्या असतील त्याची गणतीच नाही.

टायमिना यांचे या विषयावरील पुस्तक २००९ मध्ये निघाले. त्याला त्या वर्षीच्या सर्वांत विचित्र शीर्षकाचे बक्षीस मिळाले आणि २०१२ मध्ये गणितविषयक लेखनाचा मानाचा ऑयलर पुरस्कारही. ब्रिस्टल येथील हिंके ओसिंगा यांनी २००४ मध्ये लॉरेन्झच्या हवामानविषयक समीकरणांतून निघणारे एक गुंतागुंतीचे पृष्ठ क्रोशाने विणले. त्यात २५,५११ टाके होते आणि ८५ तास लागले.

वर्गासाठी एवढे करून पाहावे. कडीत ६ टाके घाला आणि त्यानंतर प्रत्येक फेरीत दर तिसऱ्या टाक्यात दोन विणा. सपाट चकतीत दहाव्या फेरीला ६० टाके असतात, इथे सुमारे ८० होतील. विसाव्या फेरीला तिथे १२०, इथे सुमारे १,४००. तिसाव्याला १८० विरुद्ध २५ हजार! घातांकी वाढ म्हणजे काय ते बोटांना कळते. शिवाय शेवटची एकटी फेरी तोवरच्या सगळ्या लोकरीचा चौथा हिस्सा खाते. म्हणून पंधरा फेऱ्यांवर, ३४० च्या आसपास टाक्यांवर थांबणे शहाणपणाचे. मग घडी घालावी. घडीची रेघ ही या प्रतलातली सरळ रेषा. तिच्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने धावदोरा घालावा. बाहेरच्या एखाद्या बिंदूतून पहिलीला न छेदणाऱ्या आणखी तीन-चार घड्या मुलांनाच शोधू द्याव्यात, आणि जोडीला परसातले कोंबड्याचे फूल ठेवावे. त्याचा तुरा असाच लहरलेला असतो, कारण कडेची वाढ मधल्यापेक्षा जास्त झालेली असते.